पोळ्याच्या करीचा वाढदिवस

स्वतःच्या सत्कारात मध्येच हात वर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वक्ता रंगात आलेला असायचा, पंख्याखाली बसलेले लोक पेंगायला लागलेले असायचे, आणि व्यासपीठावरच्या सगळ्यांत मोठ्या खुर्चीत, फेट्याखाली घामाघूम झालेले आत्मारामजी वर्गातल्या मुलासारखा हात वर करायचे. वक्त्याला वाटायचं, त्यांना पाणी हवं असेल. पाणी नको असायचं. "तसं नाही भाऊ," ते म्हणायचे, "मी काही जिंकलो नव्हतो. माझ्यामागं एकच जण होता, अन् त्याचा बूट निघाला होता."

लोक हसायचे. वक्ता याला थोरांची विनम्रता म्हणायचा आणि जिथून सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायचा.

मोताळ्यापासून जवळच्याच एका खेड्यात ते राहत. तरुणपणी फौजेत गेले, तिथे पळायला लागले आणि पळत पळत ऑलिम्पिकपर्यंत पोचले. गावात त्यांना सगळे फौजीच म्हणत. त्यांची शर्यत स्टीपलचेसची. आमच्या तालुक्यात ती कुणालाच नीट कळली नाही. सत्काराच्या भाषणांतून ते कधी मॅरेथॉनवीर होत, कधी उडीसम्राट, आणि एका सभापतींनी तर त्यांना सरळ कुस्तीच्या आखाड्यात उतरवलं होतं. मी त्यांना एकदा विचारलं, ही शर्यत असते तरी कशी? म्हणाले, "लाकडाचं आडवं असते सर, त्याच्यावरून उडाचं. पलीकडं पाण्याचा खड्डा. त्यातून निघाचं अन् ओले बूट घेऊन पुन्हा पळाचं. आपण शाळेत जातानी नाला लागे ना, तसंच. तिथं फक्त लोकं टाळ्या वाजवत."

त्या खड्ड्यात ते पडले होते. पाय घसरला, उठले, आणि शर्यत पुरी केली. एवढीच त्यांची ऑलिम्पिकची कथा. ती सांगायला त्यांना चहाचा अर्धा कप पुरायचा. उरलेल्या अर्ध्या कपात ते पिकांचं बोलत.

माझी त्यांची ओळख मानपत्रामुळे झाली. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, म्हणून तालुक्यातली मानपत्रं माझ्याकडे येत. मानपत्र हा प्रकार मी मनापासून कधी लिहिला नाही. त्यातली विशेषणं भाड्याच्या मांडवासारखी असतात, आज इथे लागतात, उद्या दुसऱ्याच्या दारात. फौजींचं मानपत्र मी आधी त्यांना वाचून दाखवलं. "देशाची मान उंचावली" इथे त्यांनी हात वर केला. "सर, मी पाण्यात पडलो तवा माझीच मान खाली होती. हे काढाल का?" मी काढलं. त्यांनी आणखी तीन-चार ठिकाणी हात वर केला. शेवटी जे उरलं ते सहीसकट एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पण चौकट आधीच करून आणलेली होती, म्हणून मधे बरीच नक्षी काढून घ्यावी लागली.

हा सत्कार दरवर्षी एक जूनला होई, कारण तो त्यांचा वाढदिवस. आता, आमच्याकडच्या जुन्या माणसांपैकी निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालायला बाप मुलाला घेऊन जाई, मास्तर विचारत, कधीचा? बाप म्हणे, ज्वारी कापत होतो तवाचा. मास्तर सरळ एक जून लिहून मोकळे होत. त्यामुळे फौजींच्या वाढदिवसाला गावातले चार-दोन म्हातारे पुढच्या रांगेत येऊन बसत आणि केक कापला की हात पुढे करत. "आमचाबी आजच हाये," ते म्हणत. आयोजक बंडूभाऊ त्यांना मागे सरकवू पाहायचे. फौजी मात्र त्यांना वर बोलवायचे. "घ्या बे सगळे. एकाच मास्तरच्या हातचे आपण."

बंडूभाऊंचं मोताळ्यात बी-बियाण्याचं दुकान. माणूस दिलदार, पदरमोड करणारा. एकच खोड होती. पाहुणा जितका मोठा तितका कार्यक्रम मोठा, असं त्यांना खरोखर वाटे. त्यांच्या बॅनरवर सत्कारमूर्तीपेक्षा पाहुण्यांचे फोटो मोठे असत.

खरा वाढदिवस वेगळाच होता, आणि तो घरात होत असे. फौजींची आई सांगायची की हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी झाला. बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा उतरला नव्हता. ही गोष्ट तिनं मरण्याआधी सुनेच्या, सुभद्राकाकूंच्या हवाली केली. तेव्हापासून दर करीला काकू त्यांना पाटावर बसवून ओवाळत आणि आदल्या दिवशीची पुरणपोळी तव्यावर तूप सोडून पुन्हा गरम करून वाढत. माझं शेत त्या गावाच्या पुढे आहे. शेतावरून परतताना एका करीला मी त्यांच्याकडे थांबलो, तेव्हा हा सोहळा पाहिला. ना हार, ना माइक. काकू ओवाळताना त्यांना विचारत होत्या, "औंदा किती वर्साचे झाले?"

"तू सांग."

"मले काय ठाव? मी काय तुमच्यासंगं जन्मले?"

"मंग विचारते काऊन?"

"विचारा लागते," काकू म्हणाल्या.

एवढंच संभाषण. मला सांगण्यात आलं की दरवर्षी एवढंच असतं.

दोन वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मुलगा पुण्यात नोकरीला. तो घेऊन जायला आला होता, पण काकूंनी खाटेची कड डाव्या हातानं अशी धरून ठेवली की तो नुसता बसून परत गेला. मग फौजी सगळं शिकले. कूस बदलणं, कपडे धुणं, भाकरी दुधात कुस्करून, चमचा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून घालणं. काकू त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसत. शेजारची शोभा जीव लावून करायची, पण चमचा तिच्या हातात दिसला की काकू ओठ मिटून घेत.

"जन्मभर तिनं वाढलं," फौजी म्हणत. "मी कधी मीठ कमी हाये एवढं बी बोललो नाही. आता ते कामी येऊन राह्यलं. मी भरवतो, ती बी काही बोलत नाही."

मागच्या एक जूनला ते सत्काराला जायलाच तयार नव्हते. बंडूभाऊ गाडी घेऊन दारात आले. जिल्ह्याबाहेरून मोठे पाहुणे येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. फौजी उंबऱ्यात उभे राहून नाही म्हणत होते, तेव्हा आतून काकूंचाच जड आवाज आला, "जा. लोकं आलेत." मग ते गेले, पण एका अटीवर. बारा वाजता त्यांना घरी पोचवायचं, कारण बारा वाजता काकूंचं जेवण आणि त्यावरची गोळी.

"बारा म्हणजे बारा, बाबा," बंडूभाऊ म्हणाले. "माझ्या गळ्याची शपथ."

मंगल कार्यालयात अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पाहुणे "निघाले" होते. निघाले या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ, पाहुणे अजून आधीच्या ठिकाणी जेवत आहेत. फौजी फेटा बांधून खुर्चीत बसले होते, समोर केक वितळत होता. त्यांनी हात वर केला. बंडूभाऊ धावत आले.

"बंडू, मले जाऊ दे."

"मलकापूर सोडलं बाबा. येऊनच राह्यले."

"तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही रे."

"शोभाताई हाये नं घरी. एक दिवस भरवतील त्या."

थोड्या वेळानं फौजींचा हात पुन्हा वर झाला. या वेळी बंडूभाऊ फोनवर होते आणि त्यांनी तिकडूनच, बसा बसा, अशी खूण केली. बारा वाजून गेले तसे फौजी उठले. फेटा काढला, खुर्चीवर नीट ठेवला आणि व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्यांनी उतरले. लघवीला गेले असतील, असं सगळ्यांना वाटलं. ते फाटकाबाहेर पडून उन्हात बसस्टँडकडे चालायला लागले होते. दोन्ही गाड्या पाहुण्यांना आणायला गेलेल्या. मी माझी स्कूटर काढली. तिचा सायलेन्सर फुटका आहे, त्यामुळे हाक मारायची गरज पडली नाही. त्यांनी मागे पाहिलं आणि बसले. गळ्यात हार तसाच.

घरी पोचलो तेव्हा शोभा वाटी घेऊन खाटेशी बसली होती आणि काकू छताकडे पाहत होत्या. "तीनदा गरम केलं बाबा," शोभा रडकुंडीला आली होती. "माय तोंडच उघडत नाही." फौजींनी हार खुंटीला अडकवला, हात धुतले, वाटी घेतली. "उघड वं. आलो मी." काकूंनी तोंड उघडलं. निम्मं जेवण झाल्यावर त्यांचं लक्ष नवऱ्याच्या कपाळावरच्या गंधाकडे गेलं.

"झाला वाढदिवस?" त्यांचे शब्द चघळल्यासारखे येत, पण कळत.

"कोणाचा? तो मास्तरचा होता," फौजी म्हणाले. "आपला अजून लांब हाये. पोळ्यापर्यंत थांबशील नं सुभद्रे?"

काकूंनी घास गिळला. "हाव."

"मले ओवाळाचं राह्यलं तं पाहून घेईन मग."

तोंडाची चालती बाजू हसली. त्या उन्हाळ्यात काकूंना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी पावसाळ्याच्या पुढचं काही सांगितलं नव्हतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं. बहुधा काकूंनाही असावं.

तिकडे कार्यालयात पाहुणे आले. सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी, तिच्यावर फेटा. पाहुण्यांच्या हातात भला मोठा हार, समोर कॅमेरे. हार हातात आला की तो कुठेतरी घालावाच लागतो. मागे बॅनरवर फौजींचा फोटो होता. पाहुण्यांनी हार त्या फोटोला घातला आणि हात जोडून उभे राहिले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला म्हणजे काय होतं ते सभागृहातल्या बायांच्या लगेच लक्षात आलं, पण फोटो निघून मोबाइलवर रवाना झाला होता. ज्यांनी नुसता फोटो पाहिला त्यांनी हात जोडले. त्यानंतर ज्यांनी जोडलेले हात पाहिले त्यांनी श्रद्धांजली लिहिली.

मी फौजींच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. फौजी मागे न्हाणीपाशी काकूंची लुगडी धूत होते. तेवढ्यात शेजारच्या गावच्या पाच-सहा बाया टमटममधून उतरल्या आणि अंगणात पाय ठेवताच त्यांनी गळा काढला. "फौजी गेले वं माय, आता तुले कोण पाहीन वं." मी उठेपर्यंत त्या आत शिरल्या होत्या. खाटेवरून जो आवाज आला तो मला पुन्हा कधी ऐकावा लागू नये.

फौजी ओल्या हातांनीच धावत आले. बाया त्यांना पाहूनच गप्प झाल्या. फौजींनी काकूंचा डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावरून फिरवला. नाक, मिशा, कपाळ. "हा मी. पाह्य. कपडे धूत होतो." काकूंनी त्यांचा कान धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कान काकूंच्या मुठीत असताना वाकलेल्या अवस्थेतच फौजी बायांना म्हणाले, "आल्याच आहात तं चहा घेऊन जा बापा. शोभा, ठेव वं चहा."

दिवसभर माणसं येत राहिली, टॉवेल खांद्यावर टाकून, चेहरा लांब करून, आणि फौजी स्वतः त्यांना रामराम करत राहिले. संध्याकाळी बंडूभाऊ आले. "चुकलं बाबा. हार हातात होता, खुर्ची रिकामी होती..."

"बस बंडू," फौजी म्हणाले. "वाढदिवसाले एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पुढच्या वर्षी पत्रिका छापू नको, हेच कर."



तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, काकूंना असा धक्का पुन्हा बसता कामा नये. पण काकूंनी त्या प्रसंगाची गोष्ट करून टाकली होती. कुणी भेटायला आलं की त्या एका बाजूनं हसत सांगत, "मले म्हणे गेले. हे तं कपडे धूत होते." ती सांगताना त्यांच्या जिभेचा जडपणा कमी वाटे. पुढचे अडीच महिने फौजी औषधाला मोताळ्याला आले की परतताना पुष्कळदा माझ्याच स्कूटरवर येत. वेशीपाशी तिचा आवाज आला की काकूंची नजर दाराकडे लागते, असं शोभा सांगायची. फौजींना त्याचं कोण कौतुक. "टाळ्या वाजत त्यापेक्षा हे बरं," एकदा ते मागच्या सीटवरून माझ्या कानात ओरडले.

पोळा आठवड्यावर आला होता. फौजी औषध घेऊन बसस्टँडच्या बाकावर बसले होते. पेंगताहेत असं लोकांना वाटलं. त्यांच्या गावाची बस येऊन उभी राहिली तरी ते उठले नाहीत, तेव्हा ओळखीच्या कंडक्टरनं उतरून हलवलं. पिशवी मांडीवर होती आणि तिच्या नाड्या बोटांना गुंडाळलेल्या होत्या.

अंत्यदर्शन मंगल कार्यालयात झालं, त्याच व्यासपीठावर. या वेळी पाहुणे वेळेवर आले. एका वक्त्यानं फौजींना पदक देऊन टाकलं. बंडूभाऊ एका कोपऱ्यात उभे होते, माइक त्यांनी घेतला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडू लावून मिरवणूक निघाली, ती घरावरून नेली नाही. डॉक्टरांचं बजावणं सगळ्यांच्या लक्षात होतं. मुलगा पुण्याहून आला होता, त्यानंच हात जोडून सांगितलं, आईला एकदम दाखवू नका, तिला झेपणार नाही, आपण हळूहळू सांगू. कुणाचंच चुकत नव्हतं. ट्रॉली मागच्या पांदीनं स्मशानाकडे गेली.

हळूहळू सांगण्याचं काम शोभाच्या वाट्याला आलं. तिनं दोन दिवसांनी काकूंच्या उशाशी बसून सांगितलं, "माय, बाबा गेले." काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि एका बाजूनं हसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशीबी असंच बोलले." शोभानं शपथ घातली. मुलगा खाटेशी बसून रडला. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कपडे धूत असतीन." कुंकू पुसायचा धीर कुणालाच झाला नाही.

घास त्यांनी कुणाच्याच हातून घेतला नाही. शोभाकडून दोन चमचे पाणी घेत, तेही डोळे मिटून. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती त्यांनी डाव्या हातानं ओढून काढली. रुसवा नव्हता, हट्टही नव्हता. पोळ्यापर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि भरवणारा माणूस जरा बाहेर गेला होता.

करीच्या दिवशी मी गेलो. सकाळीच शोभाचा फोन आला होता की माय पाट मांडायला सांगते आहे, काय करू? मी म्हटलं, मांड. अंगणात शिरून मी स्कूटर थांबवली आणि किल्ली फिरवायच्या आत आतून शोभाचा आवाज आला, घाबरल्यासारखा, आणि मग एकदम बंद झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. भिंतीशी रिकामा पाट होता. काकूंनी मान दाराकडे वळवली होती आणि तोंड उघडलं होतं.

शोभानं काही विचार केला नाही. दुधात कुस्करलेली पोळी वाटीत होती, तिनं चमचा भरला आणि डाव्या कोपऱ्यातून आत घातला. काकूंनी दारावरची नजर न काढता तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. मी आत गेलो असतो तर एकटा दिसलो असतो. म्हणून मी स्कूटर चालूच ठेवली आणि मागे येऊन तिच्याजवळ उभा राहिलो. कोंबड्या बाजूला झाल्या होत्या, समोरच्या घरातला म्हातारा कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत होता. पेट्रोल जळत होतं. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता.

वाटी संपल्यावर शोभा बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं, घर मागे टाकून चार पावलं पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, उद्याबी याल का? आत नका येऊ. नुसती गाडी आणून उभी करा."